काठ

समुद्र इथून किती लांब, ते
नागनाथ येमूलनं एसटीच्या तिकिटांवरून मोजलंय:
दोन गाड्या, एक रात्र
आणि कोल्हापूर स्टँडवरची शिळी भजी.
येताना टपावर बांधून आणली त्यानं
मालवणात कुणीतरी टाकून दिलेली फळी,
नाकाशी फुटलेली, त्याच्याहून हातभर उंच.
हिप्परग्याच्या तळ्यावर उतरवली, तर
म्हशी धुणारा म्हातारा म्हणाला,
"कुणाची तिरडी आणलास बे?"

कुणी हसलं नाही.
सादिक नदाफ तिथंच उभा होता.
त्याचा धाकटा मागच्या चैत्रात
याच दगडापासून नऊ हातांवर गेला.
काठावर चाळीस माणसं होती,
पोहता येणारं एकही नव्हतं,
आणि दोर कुणाकडंच नव्हता.

नोंदणीच्या कचेरीत कारकुनानं विचारलं, नाव?
येमूल म्हणाला, सर्फ क्लब.
"उन्हाची सोडून दुसरी कुठली लाट सोलापुरात?"
उद्देशाच्या रकान्यात मी लिहिलं:
पाण्याची ओळख.
खोडलं. लिहिलं: पाण्याची भीती घालवणे.
तेही खोडलं, कारण
थोडी भीती राहू द्या, असं सादिकभाई म्हणाले.
शेवटी कागदावर गेलं ते एवढंच:
दोर धरणे.

मी टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवते,
दिवसाला चारशे.
म्हणून सचिव मी, असं येमूलचं गणित.
फळीचं नाक आम्ही डागी टॉवेल
आणि एम-सील लावून बांधलं,
दोर वळला मागावरच्या वाया गेलेल्या सुताचा,
सात पदरी, त्यात एक पदर लाल,
गढूळ पाण्यात दिसावा म्हणून.
खजिनदार काशव्वा हत्तुरे
वर्गणी मोजते विड्यांसारखी, पंचवीसचा कट्टा.
एक नाणं कमी भरलं
तर अख्खा कट्टा सोडून पुन्हा पहिल्यापासून.

नियम फार नाहीत.
फळीवर एक, दोरावर दोघं.
दोरावरच्यानं मोबाईल काशव्वाच्या पिशवीत टाकायचा.
जेवून आलेल्यानं तासभर गप बसायचं.
पाळी चुकवली, तर पुढच्या रविवारी
सगळ्यांना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी.
(चटणीवरूनच एकदा मंडळ मोडायला आलं होतं:
येमूलच्या घरची की काशव्वाच्या?
इतिवृत्तात मी त्याला "चर्चा" म्हटलंय.)

रजिस्टरात एक रकाना आहे: लाट.
येमूलनं हट्टानं आखून घेतलाय.
दर रविवारी मी तिथं शून्य काढते,
आता फार गोल येतात.

परवा तुळजापूर रोडच्या अंगानं वारा सुटला.
म्हशीच्या पाठीवर माशी बसावी
तशी तळ्याची कातडी थरथरली,
आणि टीचभर उंचीचं काहीतरी
सरकत काठाकडं आलं.
फळीवर अनसूया म्याकल, सातवी ब.
पोटावरून गुडघ्यांवर,
गुडघ्यांवरून
उभी!
येमूल बेंबीच्या देठापासून मोजायला लागला,
ओकटी, रेंडू, मूडू,
चौथा आकडा तोंडात असताना ती पाण्यात.

वर आली आपली आपणच.
गुडघाभर पाण्यात, केसात शेवाळ, हसत:
"सोडा की काका, उभी हाय मी."
सादिकभाईंच्या मनगटावर दोराचे दोन वेढे,
लाल पदर कातडीत रुतलेला.
जोडीदार पोरानं केव्हाच सोडला होता,
टाळ्या वाजवायला.

मी रकान्यात लिहिलं: अर्धी.
काशव्वा म्हणाली, अर्ध्याचा हिशोब लागत नसतो,
लिही एक, नाहीतर काढ शून्य.
येमूल म्हणतो, दीड.
आमचं अजून चाललंय.
म्हशी निघाल्या, ऊन उतरलं,
अनसूया टॉवेल गुंडाळून भाकरी मोडत बसली
(काठ माझाच, टाके ओळखते मी),
आणि सादिकभाई
तिथंच, त्या दगडावर,
दोर धरून.